मानोंग देल्फिनची दोन मिनिटं

दुमांगास गावच्या बाजारात सुक्या मासळीच्या दुकानाला चिकटून मानोंग देल्फिनची दुरुस्तीची टपरी होती. मानोंग म्हणजे दादा. आधी रेडिओ, मग टीव्ही, मग कॉम्प्युटर. जग बदलत गेलं तसा तोही हात बदलत गेला. बदलली नाहीत ती त्याची दोन मिनिटं. "मानोंग, कधी होईल?" विचारलं की डोकं वर न काढता तो म्हणायचा, "दोन मिनिटं." मग विचारणारा मासळी घ्यायचा, केस कापून यायचा, शेजारी दोन डाव पत्ते खेळायचा, तरी दोन मिनिटं चालूच. चर्चमध्ये फादरांचं प्रवचन लांबलं की मागच्या बाकावरून हमखास कुणीतरी पुटपुटायचं, "देल्फिनची दोन मिनिटं सुरू झाली वाटतं." हसायचे सगळे, देल्फिनसकट. माणूस लबाड नव्हता हो. त्याला खरंच वाटायचं, आता होतंय.

आणि एक खोड होती त्याला, रीतभातीची. मयताच्या घरी काय करावं आणि काय करू नये, हे गावात दोघांनाच पाठ. एक फादर आणि दुसरा हा. आलेल्याला दारापर्यंत सोडायला जायचं नाही, शवपेटीच्या काचेवर आसवं पडू द्यायची नाहीत, कुणाचे आभार मानायचे नाहीत, आणि मयत घरात असेपर्यंत झाडू हातात घ्यायचा नाही. या झाडूवर तर त्याचा भारीच कटाक्ष. त्याच्या आईच्या वेळी कुणा बाईनं सवयीनं ओसरी झाडली होती, आणि वर्ष फिरायच्या आत त्याची बायको गेली. आता या दोन गोष्टींचा एकमेकींशी काय संबंध? पण ज्याचं जळतं त्यालाच कळतं. मूलबाळ नव्हतं. तेव्हापासून एकटाच राहायचा, आणि जीव लावायला एकच घर उरलं होतं, मोहिंगचं.

मोहिंग बांगुस माशांच्या तळ्यांवर राखणदार होता. या दोघांची मैत्री जुनी. ताडी, कोंबड्यांच्या झुंजी आणि एकमेकांना शिव्या घालणं, सगळं बरोबरीनं. मोहिंगची लेक जेनेलिन दोहाला मुलं सांभाळायला गेली, तेव्हा तिच्या पैशातून घरात कॉम्प्युटर आला, आणि तो देल्फिननं स्वतःच्या हातानं जोडला. बाळ येशूच्या मूर्तीखाली त्याचं टेबल मांडलं. रविवार आला की मोहिंग आंघोळ करून, केसांना तेल लावून कॅमेऱ्यासमोर बसायचा आणि लेक दिसली की ओरडूनच बोलायचा, जणू दोहापर्यंत आवाज तोंडानंच पोचवायचाय.

"तातय, चष्मा का नाही घातला? मी एवढा पाठवला!" जेनेलिन दर रविवारी विचारायची.

"तू ये, मग घालीन. तुला नीट बघायला ठेवलाय तो. इकडे काय, मासेच बघायचेत!"

चष्मा डबीत, डबी कपाटात. पोरगी येणार कधी, तर करार संपला की. करार संपला की नवा करार. असंच चाललं होतं, आणि एक दिवस तळ्याच्या बांधावर मोहिंग बसला तो उठलाच नाही.

जेनेलिनला रजा मिळाली नाही. रडली, हातापाया पडली, काही उपयोग झाला नाही. मोबाईलवर चेहरे दिसायला लागायच्या आधीची ही गोष्ट, तेव्हा उरला तो कॉम्प्युटरच. शवपेटी पुढच्या खोलीत ठेवली, चारी कोपऱ्यांना दिवे लावले. देल्फिननं कॅमेरा वळवून असा बसवला की काचेतून मोहिंगचा चेहरा थेट दिसावा. रोज संध्याकाळी प्रार्थनेच्या वेळी जेनेलिन पडद्यावर यायची. इथल्या बायका जप म्हणायच्या, ती तिकडे मालकिणीच्या स्वयंपाकघरात ओढणी तोंडात कोंबून म्हणायची.

"तियो," ती देल्फिनला म्हणाली. गावाला तो मानोंग, तिला मात्र काका. "शेवटच्या दिवशी पेटी बंद करायच्या आधी सगळे निरोप घेतील ना, तेव्हा मलाही घ्यायचाय. रोजचं वेगळं. त्या दिवशीचं चुकवू नका."

"अगं, मी बसलोय ना इथे! चुकतंय कसलं?"

औषध भरलेलं मयत घरात ठेवून नऊ दिवस जागरण, म्हणजे गावजेवणच म्हणा ना. अंगणात पत्ते, आत कॉफी, बिस्किटं, कलिंगडाच्या बिया आणि गोडमिट्ट सरबत. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणाच्या तरी पोरानं सरबताचा पेला कॉम्प्युटरशेजारीच उपडा केला. थोडं टेबलावर, थोडं कॉम्प्युटरच्या डब्याच्या तोंडावरून खाली. मोहिंगची सून वेर्ना फडकं आणि झाडू घेऊन आली.

"हं! ठेव खाली!" देल्फिन खेकसला.

"अहो मानोंग, चिकट झालंय सगळं. फरशी नाही झाडत, टेबल तरी पुसते."

"पुसणं काय आणि झाडणं काय, एकच! घरातून आणखी कुणाला झाडून काढायचंय का तुला?"

"अगोबाई! मग मुंग्या लागतील त्याचं काय?"

"लागू देत. मयताच्या घरी मुंगीसुद्धा पाहुणीच असते."

वेर्नानं झाडू भिंतीला टेकवला, तोंड वाकडं केलं. "पाहुण्यांना कॉफी विचारते मग," म्हणाली आणि आत गेली. बायका फिस्सकन हसल्या. मुंग्या आल्याच. बारीक, तांबड्या, टेबलाच्या पायावरून ओळीनं. देल्फिन त्यांच्याकडे बघून एकदा मोठ्या समाधानानं म्हणालासुद्धा, "बघा, मोहिंगला भेटायला आल्यात."

शेवटची सकाळ उजाडली. फादरांचा निरोप आला होता, चर्चमध्ये नंतर एक लग्न आहे, उशीर नको. तिकडे दोहात अजून उजाडायचं होतं. जेनेलिन पडद्यावर आली तर केस विंचरलेले, अंगात पांढरा सदरा. मयताच्या घरात कुणी केस विंचरत नाही, पण ती कुठे या घरात होती? मोहिंगची बायको पेलाहिया, गावाची मानांग म्हणजे ताई, पुढे झाली, हात हलवला, आणि तेवढ्यात कॅमेऱ्याचा दिवा विझला.

पडद्याच्या कोपऱ्यात सूचनेचा एक फुगा आला. यूएसबीला जोडलेल्या कुठल्यातरी वस्तूनं मर्यादेपेक्षा जास्त वीज ओढली, म्हणून ते पोर्ट बंद केलंय.

"काय झालं रे?" पेलाहियानं विचारलं.

"काही नाही, मानांग. दोन मिनिटं."

फुग्यावरचं बटण दाबलं तशी कॅमेऱ्यानं एकदा उघडझाप केली, चित्र आलं आणि गेलं. देल्फिननं कॅमेरा काढून शेजारच्या भोकात घातला. तेच. मग प्रिंटरची वायर काढली, म्हटलं तो वीज खात असेल. तेच. पोर्टांची यादी उघडून सगळी काढून टाकली, पुन्हा शोधायला लावली. तेच. माइक कॅमेऱ्यातच होता, त्यामुळे इकडचा आवाजही तिकडे जाईना. पण स्पीकर वेगळ्या वायरीवर होते, तिचा आवाज मात्र खोलीभर येत होता.

"तियो? काळं दिसतंय. कुणी बोलत का नाही? नानाय? अहो, कुणीतरी बोला ना!"

खोलीतल्या बायका तोंडावर हात धरून एकमेकींकडे बघायला लागल्या. देल्फिननं कीबोर्डवर टाइप केलं, दोन मिनिटं.

कॉम्प्युटर बंद केला, मागची वायर उपटली, आतली उरलीसुरली वीज निघून जावी म्हणून बटण दाबून धरलं, पुन्हा चालू केला. जुनं यंत्र ते, उठायला मारुतीच्या शेपटाएवढा वेळ लावणार. जेनेलिनला पुन्हा जोडलं. तिचा चेहरा दिसतोय, इकडून काहीच जात नाही. कोपऱ्यात फुगा हजर.

"कॅमेराच गेला असेल," देल्फिन स्वतःशीच बोलला आणि सायकल काढून टपरीकडे सुटला. म्हातारा माणूस, पण काय दामटली सायकल! दुसरा कॅमेरा घेऊन आला, घामानं निथळत. लावला. फुगा.

कॅमेरा चांगला, प्रिंटर काढलेला, सॉफ्टवेअर नवंकोरं. मग वीज खातंय कोण? डब्यातला वीजपुरवठ्याचा खोका त्यानंच स्वस्तातला बसवला होता. तो आठवला तसं त्यानं डब्याच्या मागे डोकं घातलं.

मागे पेलाहिया पेटीपाशी उभी होती. हातात कपाटातली ती डबी. "यांना चष्मा घालते," ती कुणाला तरी म्हणाली. "पोरीला दिसू दे, घातला म्हणून." देल्फिननं ते ऐकलं. वळून बघितलं नाही. त्याचं डोकं डब्याच्या मागच्या वायरींत.

मोहिंगचा मुलगा रोडेल दारातून आला. "नानाय, फादरांचा माणूस परत आलाय. निघायला हवं."

"थांबा जरा," पेलाहिया म्हणाली. आणि देल्फिनच्या खांद्यावर हात ठेवून तिनं अगदी हळू विचारलं, "देल्फिन, खरं सांग. होईल का? नसेल होत तर तसं सांग, मी थांबवते सगळ्यांना. लग्नाचं वऱ्हाड बसेल बाहेर. फादर रागावले तर रागावू देत."

इथे त्यानं 'माहीत नाही' म्हणायला हवं होतं. एवढेच दोन शब्द. म्हातारीनं फादरांशी भांडण मांडलं असतं, अख्खं वऱ्हाड उन्हात उभं केलं असतं. पण आयुष्यभर जिभेला एकच वळण पडलेलं.

"होतंय, मानांग! निरोप घ्या तुम्ही, पोरांना पेटीवरून पलीकडे द्या. तेवढ्यात चालू झालंच समजा. दोन मिनिटं!"

तिनं विश्वास ठेवला. एकेकानं निरोप घेतला. लहान मुलांना पेटीच्या वरून या हातातून त्या हातात दिलं, म्हणजे मेलेला माणूस त्यांना स्वप्नात येऊन छळत नाही. मोहिंगच्या हातातल्या जपमाळेचा दोरा कापला, म्हणजे एकामागून एक मरणं ओवली जात नाहीत. मग काचेवरचं झाकण लागलं. ते लागल्याचा आवाज देल्फिननं ऐकला, पाना हातात धरून. डब्याचा पत्रा उघडत होता तो. पेटी उचलली, आणि एकदा उचलली की ती खाली ठेवायची नाही, मागे वळवायची नाही, ही रीत त्याच्याइतकी कुणाला माहीत होती? बायकांचा आकांत अंगणातून रस्त्यावर गेला, बँडचा आवाज सुरू झाला, आणि खोलीत राहिले देल्फिन, वेर्ना आणि स्पीकरमधून येणारं जेनेलिनचं, "तियो? तियो?"

पत्रा निघाला. आत बघतो तर डब्याच्या पुढच्या तोंडाला जी यूएसबीची दोन भोकं असतात, त्यांच्या मागे मुंग्यांचं गावच वसलेलं. सरबत झिरपलं होतं तिथे. आतली ऊब, वर साखर, आणखी काय हवं? भोकातल्या पितळी पट्ट्या चिकट गाळानं आणि मेलेल्या मुंग्यांनी एकमेकींना जोडून टाकल्या होत्या. त्या भोकांत काहीच लावलेलं नव्हतं. म्हणून तर एवढा वेळ त्यानं तिकडे बघितलंच नव्हतं. रिकाम्या भोकाकडे कोण बघतं? वीज तिथेच गळत होती, आणि यंत्र बिचारं घाबरून मागचीसुद्धा दारं लावून घेत होतं.

त्यानं पुढच्या भोकांची वायर बोर्डावरून नुसती उपटली. बस्, एवढंच. कॉम्प्युटर चालू केला, फुगा आला नाही, कॅमेऱ्याचा दिवा लागला. त्याची दोन मिनिटं त्या दिवशी पहिल्यांदा खरी ठरली असती, जर त्यानं तोंडाऐवजी आधी पत्रा उघडला असता.

जेनेलिनला चित्र गेलं. काय गेलं? चार दिवे, मधली रिकामी जागा, आणि वेर्ना. मयत बाहेर पडलं की लगेच घर झाडायचं असतं, तीही रीतच. सालपटं, बिस्किटांचा चुरा आणि ओळीनं चाललेल्या मुंग्या वेर्ना झाडूनं गोळा करत होती.

"तातय कुठायत?" जेनेलिन म्हणाली.

वेर्नाच्या हातातला झाडू थांबला. तिनं देल्फिनकडे बघितलं. टोमणा मारायची तिची जागा होती ती, पण तिनं झाडू भिंतीला टेकवला. देल्फिन खुर्चीत बसला, कॅमेऱ्याकडे तोंड करून, आणि त्याला रडूच फुटलं. मोहिंग गेला तेव्हाही असा रडला नव्हता.

"गेले गं पोरी. माझ्यामुळे चुकलं. मानांग थांबवत होती, मीच जा म्हटलं."

पलीकडे जेनेलिननं सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले. मग ती म्हणाली, "तियो, नानायला सांगू नका. रात्री ती मला विचारेल, दिसले का. मी दिसले म्हणणार आहे. नाहीतर ती जन्मभर स्वतःला खाईल, थांबले का नाही म्हणून." नाक ओढून तिनं विचारलं, "शेवटी कसे दिसत होते? सांगा मला. मला सांगता यायला हवं."

आणि तेव्हा देल्फिनच्या ध्यानात आलं की त्यानंही बघितलं नाही. सकाळपासून दोन हातांवर त्याचा मित्र पडला होता, आणि हा वायरींत डोकं घालून बसला. निरोपाला सगळे गेले, हा गेला नाही. कानावर आलं होतं तेवढंच त्याच्यापाशी होतं.

"चष्मा घातला होता," तो म्हणाला. "तू पाठवलेला. मानांगनं घातला सकाळी. छान दिसत होता म्हातारा. एखाद्या मास्तरासारखा."

"खरंच? घातला?" जेनेलिन रडता रडता हसली. "घातला शेवटी."

वेर्नानं त्या दिवसाबद्दल तोंडाला कुलूप घातलं. देल्फिननं कानाला खडा लावला. टपरीवर कुणी विचारलं, "कधी होईल?" तर म्हणायचा, "माहीत नाही." लोक म्हणायचे, मानोंग म्हातारा झाला, आता त्याच्या हातात काही राहिलं नाही. कुणाच्या घरी मयत झालं आणि तिथे कॉम्प्युटर असला की हा स्वतः फडकं घेऊन जायचा, टेबल पुसायचा, खालची फरशी झाडायचा. बायका हाय हाय करायच्या. "मानोंग, तुम्ही? अहो, घरातलं कुणी जाईल!" "झाडतोय मी, तर माझ्या घरातलं जाऊ दे. तिथे मीच आहे," तो म्हणायचा. "जायचं तर मीच जाईन."

सुतकात आभार मानायचे नाहीत, त्यामुळे पेलाहिया तेव्हा काही बोलली नव्हती. वर्ष झालं, काळे कपडे उतरवायचा दिवस आला, जेवणं मांडली. देल्फिन मागच्या मागे पळ काढायच्या बेतात होता, तेवढ्यात तिनं सगळ्यांसमोर त्याचा हात धरला.

"आता मला बोलू द्या," ती म्हणाली. "वर्षभर तोंड दाबून बसले. या माणसामुळे माझ्या पोरीला तिचा बाप शेवटचा दिसला. पेटी दारातून निघता निघता दिसला. देवानं तुझे हात असेच ठेवावेत, देल्फिन."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी ओरडलं, "दोन मिनिटांत!" सगळे हसले. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते देल्फिनला तेव्हा कळलं. पडद्यावर जेनेलिन होती, कॅमेरा अगदी स्वच्छ चालला होता. ती खाली बघत म्हणाली, "थँक यू, तियो."

त्याला तिथे उभं राहवेना. तो मागच्या स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसला. आज सांगून टाकायचं, त्यानं ठरवलं. पोरगी रागावली तर रागावू दे, पण हे आभार घशाखाली उतरायचे नाहीत. पेलाहिया ताटात इबोस घेऊन आली. नारळाच्या पानात गुंडाळलेला चिकट भात, मोहिंगचा आवडता.

"मानांग," तो म्हणाला, "त्या दिवशी..."

"चष्मा बसलाच नाही रे," पेलाहिया म्हणाली.

देल्फिननं मान वर केली.

ती पानाची गुंडाळी सोडत बसली. आवाज अगदी रोजचा. "चेहरा सुजला होता ना. नाकावर राहीना, घसरत होता. मग काढला आणि डबीत घालून यांच्याच खिशात ठेवला. रात्री पोरीला विचारलं, दिसले का गं? तर म्हणाली, हो नानाय, चष्म्यात किती छान दिसत होते. एखाद्या मास्तरासारखे." तिनं भात त्याच्या पुढ्यात सरकवला. "मास्तरासारखे हा काही तिचा शब्द नाही. तो तुझाच."

"तुम्हाला पहिल्या रात्रीपासून..."

"मग? मी आई आहे तिची."

देल्फिननं ताट बाजूला सारलं. "मग बाहेर आभार कशाचे मानलेत हो?"

"तिला चष्मा दाखवलास त्याचे. बापानं घातला एवढ्यावर ती पोरगी तिकडे दिवस काढतेय. दर रविवारी सांगते मला." पेलाहियानं नारळाचं पान चुरगाळून बाजूला टाकलं. "आणि तिला वाटतं, मी त्यावर दिवस काढतेय. चालू दे. तू मध्ये पडू नकोस. खा."

बाहेरच्या खोलीतून स्पीकरमधला आवाज आला. "नानाय? कुठे गेलीस?"

"आले गं!" पेलाहियानं हातानं तोंड पुसलं, केस सारखे केले आणि बाहेर गेली. खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग ती मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हं, सांग बघू यांना. कसे दिसत होते गं तातय?"

आणि जेनेलिन सांगायला लागली. स्वयंपाकघरात देल्फिननं भाताचा घास तोंडात घातला आणि तो तसाच धरून, रडत ऐकत बसला.